डाव्या काठावरचं पोर

४ फेब्रुवारी
दुकानातून

मेहुणेबुवा,

साष्टांग नमस्कार. थोरल्याने धाकट्यापुढे वाकू नये हे मला कळतं, पण अडला हरी कुणाचे पाय धरतो ती म्हण तुला पाठ आहे. मी पुरी करत नाही.

फोन तू उचलत नाहीस. घरून केला, दुकानातून केला, शेवटी शेजारच्या चष्मेवाल्याच्या फोनवरून केला. तो उचललास आणि माझा आवाज ऐकून ‘राँग नंबर’ म्हणालास. वा! गाणं शिकवणाऱ्या माणसाला भावोजींचा आवाज ओळखू येत नाही म्हणजे कमालच. पत्राला राँग नंबर म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

काम असं आहे. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलंय, जुनं आणि दर्दी. त्याला सासूबाईंच्या रेकॉर्डची मोनो प्रत आणि स्टिरिओ प्रत शेजारी शेजारी ठेवून ऐकायची आहे. मोनो आमच्याकडे आहे. स्टिरिओ बाजारात शोधून माझे डोळे गेले. तेव्हा ती निघालीच होती मूठभर, आणि आता ठाऊक असलेली एकच, ती तुझ्या कपाटात. एक आठवडा दे. जशी येईल तशी परत करीन, वर नवं पाकीट घालून.

तू म्हणशील, दोन्हीत फरक तो काय? गाणं तेच, गाणारी तीच, दिवसही तोच. अरे, हाच तर धंदा आहे माझा! मोनो म्हणजे सगळं घर एकाच दारातून बाहेर येतं. स्टिरिओ म्हणजे त्याच घराच्या खिडक्या उघडल्या, आता कोण कुठे बसलंय ते दिसतं. आवाजाच्या वजनाचं विचारशील तर मी मोनोच्या बाजूचा. आमच्या प्रतीत सासूबाई खुर्ची ओढून समोर येऊन बसतात, रागावतील की काय अशी भीती वाटते. त्या काळी सगळे मोनोच ऐकायचे, म्हणून मोठा रेकॉर्डिस्ट मोनोच्या यंत्राशी बसला होता, आणि स्टिरिओचं यंत्र पलीकडच्या खोलीत कुणा शिकाऊ उमेदवाराच्या हवाली केलं होतं. स्टिरिओ कानामागून आली होती खरी, पण तिखट व्हायला अवकाश होता. त्या उमेदवाराला काय दाबायचं आणि काय झाकायचं तेच कळत नव्हतं. म्हणून त्या प्रतीत पुष्कळ काही उघडं राहिलं असणार. गिऱ्हाइकाला तेच ऐकायचंय.

वाटणी झाली तेव्हा आमच्या वाट्याला मोनो का आली, आठवतं? माझ्याकडे तेव्हा एकच स्पीकर होता. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापूंना एकच कान आहे, त्यांना मोनो द्या.” हसले सगळे. मीही हसलो. पदरात पडलं ते पवित्र झालं.

आणि ती रेकॉर्ड जुन्या यंत्रावर लावत नाहीस ना? जुनी मोनोची सुई फक्त आडवी हलते. स्टिरिओच्या रेघेत खालीवरचीही नक्षी असते, ती ही सुई खरवडून काढते. लावली असशील तर सांगू नकोस, नुसती पाठव.

तुझी ताई ठणठणीत आहे. हे पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही, कळलं तर माझी खैर नाही.

तुझा,
भावोजी


१५ फेब्रुवारी
दुकानातून

बाबा रे,

तुझं कार्ड मिळालं. “तुलनेत अर्थ नाही. रेकॉर्ड पोस्टाने पाठवण्याजोगी नाही. ताईने सांगितलं असेल तर तिला म्हणावं, तो विषय संपला.” तीन वाक्यं, तिन्ही दारं बंद. तुझं अक्षर मात्र अजून वळणदार आहे हो.

पोस्टाचं सोड. उभा जन्म मी रेकॉर्डी पोस्टाने पाठवतोय. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये घाल, पुठ्ठ्यांच्या आतल्या पन्हळी एकमेकींना आडव्या येऊ देत, आणि रेकॉर्ड पाकिटातून काढून पाकिटाच्या मागे ठेव, म्हणजे पाकिटाची कड फाटत नाही. हत्ती बसला तरी तडा जायचा नाही.

विषय संपला म्हणतोस. काढला होता कुणी? सासूबाई गेल्यानंतरच्या सभेत, भरल्या हॉलमध्ये, माईक हातात घेऊन कोण बोललं? ताई बिचारी एवढंच सांगून खाली बसली होती, की शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ तिने आईबरोबर म्हटली होती, लहान असताना, व्हायोलिनवाल्याच्या पायाशी बसून. त्यावर तू उठलास आणि म्हणालास, “ताई बाहेरच्या बाकावर झोपली होती. आत मी होतो. ते गाणारं पोर मी.” लोक हसले. तुझ्या क्लासच्या पाटीवर तर ते लिहिलेलंच आहे, वयाच्या सहाव्या वर्षी आईसोबत पहिली रेकॉर्ड. त्या दिवसापासून तुम्ही बहीणभाऊ बोलत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कुणाला बोलू?

तू खोटं बोललास असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. सहा वर्षांच्या पोराला जे आठवतं ते त्याच्यापुरतं खरंच असतं. नऊ वर्षांच्या पोरीचंही तसंच. माझं काय, मी तेव्हा एका रेडिओवाल्याच्या दुकानात फरशी पुसत होतो. मला दोघेही सारखे.

पण एक सांगतो. आमच्या मोनोत त्या ओळीला दुसऱ्या व्हायोलिनच्या खाली काहीतरी आहे. लग्न झाल्यापासून ऐकतोय. पोराचा आवाज असेल, खुर्ची करकरली असेल, तारेवर बोट घासलं असेल. शपथ घेऊन सांगता येत नाही. सगळे एकाच दारात गर्दी करून उभे, मागचा दिसणार कसा? स्टिरिओत तो बाजूला निघेल.

गिऱ्हाईक अजून वाट बघतंय. थकलेलं आहे जरा, फार थांबेलसं दिसत नाही.

इकडे बाकी ठीक. ताईला थोडा खोकला आहे. तिचा पलंग बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी आणलाय. हवा बरी लागते.

भावोजी


२६ फेब्रुवारी
घरून

गिऱ्हाईक वगैरे कुणी नाही. गिऱ्हाईक तुझी ताई आहे.

आता सरळ लिहितो. आडवळणं माझी संपली. फुप्फुसांत पाणी होतंय. काढलं, पुन्हा झालं, पुन्हा काढलं. त्यामागे काय आहे ते तुला कळेल, मला तो शब्द कागदावर नको. परवा डॉक्टरीणबाईंनी मला जिन्यापाशी नेलं आणि म्हणाल्या, “आता घरीच बरं.” मी विचारलं, “घरी बरं वाटेल का?” त्या म्हणाल्या, “घरी घर असेल.” चांगल्या आहेत बाई. खोटं बोलायची त्यांना सवय नाही, आणि मला ऐकायची.

दुकान बंद ठेवलंय. पाटीवर ‘माल आणायला गेलो’ असं लिहिलंय.

एक प्रसंग सांगतो. तो ऐकून मग काय ते ठरव.

मंगळवारी दुपारी मी तिच्या पाठीमागे उशा लावत होतो. ती म्हणाली, “अहो, मी त्या खोलीत होते ना?”

“कुठल्या?”

“आईच्या. रेकॉर्डिंगच्या.”

“होतीस की.”

“तुम्ही कुठे होता बघायला? तुम्ही फरशी पुसत होता.”

“फरशी पुसता पुसता ऐकलं मी. एवढे लांब आहेत माझे कान.”

हसली. हसण्यापाठोपाठ खोकला आला आणि तो थांबेना. थांबल्यावर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, “झोपलेच असेन बाहेर. तो म्हणतो तसं. स्वप्न पडलं असेल आणि तेच धरून बसले जन्मभर.”

मेहुण्या, तिने आजवर कुणाचं काही मागून घेतलं नाही. आईने तुला गाणं शिकवलं, तिला शिकवलं नाही. तिने तोंडातून शब्द काढला का कधी? तू रियाजाला बसलास की ही दाराबाहेर भाजी निवडत बसायची आणि निवडून झालेली भाजी पुन्हा निवडायची. आईजवळचं तिचं म्हणून एवढंच होतं, एक ओळ. तीही आता ती स्वतःच्या हाताने सोडते आहे. जाता जाता माणूस रिकामं होतं म्हणतात. होऊ दे. पण जे खरंच तिचं आहे ते तरी तिच्या मुठीत राहू दे. आणि तिचं नसेल, तर तेही कळू दे. हा मधला टांगता जीव मला बघवत नाही.

रेकॉर्ड पाठव. स्वतः घेऊन आलास तर फारच चांगलं. पण पाठव.


५ मार्च

अजून काही नाही. कुरिअरवाल्याची गाडी गल्लीत वळली की मला आवाजावरून कळतं. दुसऱ्या गिअरला तिची साखळी किणकिणते. रोज येते आणि पुढच्या इमारतीशी थांबते.

मी येऊन घेऊन गेलो असतो, पण हिला सोडून जायचं कसं? पाण्याचा पेला उचलायचा तर दोन हात लागतात, त्यातला एक माझा. तुझ्या बायकोला फोन लावला, तिने उचलला. म्हणाली, “भावोजी, ते ती रेकॉर्ड मांडीवर घेऊन बसलेत. लावत नाहीत आणि कपाटात ठेवतही नाहीत.” मी म्हटलं, “त्याला म्हणावं, मांडीवर रेकॉर्ड वाजत नाही.” ती रडली. मला रडवायचं नव्हतं.

तुला भीती कशाची आहे? पाटीवरचं खोडावं लागेल ह्याची? अरे, नको खोडूस. मी कुणाला सांगणार आहे? जे ऐकू येईल ते ह्या खोलीच्या बाहेर जाणार नाही. बाजारात सगळे माझ्याबद्दल म्हणतात, ह्याच्या तोंडून एकदा ‘प्रत खोटी’ निघालं की विकणाऱ्याचं तोंड उतरतं. तो मी आज तोंड उतरून तुझ्या दारात उभा आहे असं समज. समज कशाला, आहेच.

काल तिने विचारलं, “तुम्ही त्याला लिहिताय ना?” मी म्हटलं, “कुणाला?” म्हणाली, “पेन चालतं तेव्हा तुमचा श्वास मोठा होतो. ऐकू येतं मला.” बघ. माझ्यासारख्याबरोबर राहून तिचेही कान तयार झालेत. रागावली नाही. नुसतं म्हणाली, “जेवतो का वेळेवर, विचारा.”

जेवतोस का वेळेवर?


१२ मार्च
घरून

मेहुणेबुवा,

रेकॉर्ड पोचली. पुठ्ठे आडवे घातलेस, पाकीट वेगळं ठेवलंस, सगळं सांगितल्याप्रमाणे. चिठ्ठी नव्हती. असू दे, चिठ्ठीपेक्षा हे जास्त आहे. रेघ स्वच्छ आहे, जुनी सुई लावलेली दिसत नाही. शाबास.

दुकानातलं यंत्र घरी आणलं. चष्मेवाल्याने एक बाजू धरली. दोन्ही स्पीकर पलंगाच्या पायथ्याशी ठेवले आणि ताईला मधोमध येईल अशी बसवली. आधी आमची मोनो लावली, मग तुझी स्टिरिओ. तुला ऐकायला आवडेल म्हणून सांगतो. मोनोत सासूबाई समोर, जवळ, भरदार. स्टिरिओत त्या एक पाऊल मागे जातात, आवाज थोडा पातळ होतो, पण खोली उघडते. दोन्ही व्हायोलिनं डावीकडे, पेटी उजवीकडे, भिंती कुठे आहेत तेसुद्धा कळतं. ताई म्हणाली, “खिडकी तिकडे होती.” उजवीकडे बोट दाखवलं.

शेवटची ओळ आली. डाव्या व्हायोलिनच्याही पलीकडे, अगदी काठावर, काहीतरी होतं. पोराचा आवाज. पण व्हायोलिन त्याच्या अंगावर पाय देऊन उभं, आणि सासूबाईंचा आवाज दोघांवर. नीट कळेना.

मग मी एक युक्ती केली. असला खटाटोप धंद्यात कधीमधी करावा लागतो. ॲम्प्लिफायरची डावी तार आणि उजवी तार ह्यांच्यामध्ये एकच स्पीकर जोडायचा. मग दोन्हीकडे जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि जे एकाच बाजूला आहे तेवढंच उरतं. मोनो रेकॉर्ड अशी लावली तर नुसती खरखर येते. स्टिरिओत मधलं माणूस नाहीसं होतं आणि कडेची माणसं राहतात. ताईला आधी सांगितलं, “आता आई ऐकू येणार नाहीत हं.” ती म्हणाली, “लावा.”

सासूबाई गेल्या. खरंच गेल्या. लांबच्या खोलीत कुणी गातंय असा नुसता घुमारा राहिला. आणि त्या जागी व्हायोलिनं, आणि व्हायोलिनांशेजारी एक पोर. चार शब्द. स्वच्छ.

ताईने तीनदा लावायला सांगितलं. मग डोळे मिटून म्हणाली, “तो आहे. माझा नव्हे हा आवाज. लहानपणी त्याचा असाच होता, बारीक. लिहा त्याला. म्हणावं, ताई बाकावर झोपली होती. तू सांगत होतास ते खरं. ताईचं चुकलं, एवढी वर्षं तुझ्याशी बोलले नाही हे तर फारच चुकलं. आता ये.”

तिच्यासमोर बसून लिहिलंय. वाचून दाखवलं. ‘फारच’ हा शब्द तिने मागाहून घालायला लावला. खाली सही तिची आहे. वाकडी झाली, पण तिचीच आहे.

ये रे. लवकर ये.

भावोजी
आणि ताई


१३ मार्च
पोस्टाच्या बाकावरून

ताईपाशी घटकाभर चष्मेवाल्याला बसवून आलोय. हा दुसरा कागद त्याच पाकिटात घालतोय. हा तिला वाचून दाखवलेला नाही, दाखवणारही नाही.

उभ्या जन्मात मी खोटी प्रत खरी म्हणून कुणाला दिली नाही. कालचा कागद ही पहिली. तिने सांगितलं म्हणून लिहिला, आणि ती सांगत असताना तिच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही. पण तुला नुसता तोच कागद पाठवला तर माझ्या कानांना मी काय तोंड दाखवू?

ऐक. त्या चार शब्दांत ते पोर चुकतं. दुसरा शब्द ते घाईने, आईच्या आधी उचलतं, आणि तिसऱ्या शब्दाच्या मधोमध श्वास घेतं, जिथे शहाणं माणूस कधी घेणार नाही. मोनोत हे ऐकू येत नाही, मी हजारदा ऐकलंय. नुसती स्टिरिओ लावली तरी कळत नाही, व्हायोलिनखाली सगळं झाकलेलं. ही चूक सासूबाई नाहीशा केल्याशिवाय कुणालाच ऐकू येणं शक्य नाही. तुलाही नाही, तू अशी तार कधी जोडली नसशील.

मी तार जोडली आणि पहिल्यांदा लावली तेव्हा मी स्पीकरकडे बघत नव्हतो, ताईकडे बघत होतो. शब्द यायच्या आधी तिचे ओठ हलले. आधी, बाबा. दुसरा शब्द तिने घाईने उचलला, आणि मागून स्पीकरमधून तोच, तसाच घाईने आला. मग तिने श्वास घेतला, शब्दाच्या मधोमध. आता तिला पुरा श्वास कुठला, एवढासा घेतला. आणि त्या पोरानेही घेतला.

ज्याने ती चूक केली त्यालाच ती ठाऊक.

तिलाही कळलं. मी बघितलं तिला कळताना. तोंडभर हसू आलं, असं की मला वाटलं आता ओरडून सांगेल. दुसऱ्यांदा लावा म्हणाली. तेव्हा ओठ घट्ट मिटून घेतले. तिसऱ्यांदा लावली तोवर तिचं ठरलं होतं. मग ते सगळं ‘तो आहे’ वगैरे बोलली.

मी विचारलं, “अगं, असं का लिहायचं?”

म्हणाली, “त्याला हरवून बोलावलं तर तो येईल का?”

मी कागद पुढे ओढला. ह्याचं उत्तर तुझ्याकडे आहे का?

म्हणजे तुझ्या लक्षात येतंय ना काय झालं? तिचं जे एकमेव होतं ते तिला काल मिळालं. हातात आलं, तिने ओळखलं, आणि अर्ध्या तासात तुझ्यासाठी देऊन टाकलं. मी धंदेवाला माणूस, असला सौदा मी आयुष्यात पाहिला नाही.

तुझ्याकडून मला कबुली नको. माफी मागायला येऊ नकोस, तिला ती नको आहे आणि ऐकायला तिच्यात दमही नाही. हा कागद वाचलास हे कळू देऊ नकोस. तिने जे दिलंय ते घे. नाही म्हणायचा अधिकार तुला नाही. “बघ ताई, मी म्हणत होतो ना!” असं म्हण, लहानपणी म्हणायचास तसं. ती ‘हो बाबा, हो’ म्हणेल. म्हणू दे तिला.

सकाळपासून बोलणं कमी झालंय. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, जिन्यापाशी थांबल्या नाहीत, सरळ खाली उतरल्या. ती मात्र दाराकडे तोंड करून पडली आहे. काल खिडकीकडे होतं.

दार नुसतं लोटलेलं आहे. बेल वाजवू नकोस, ती दचकते. बूटसुद्धा काढत बसू नकोस. सरळ आत ये, तिला दिसशील असा उभा राहा, आणि जिंकल्यासारखा ये.